लस दंडात, दुखणं खांद्यात: अमेरिकेत अशा दुखापतीची भरपाई कशी मिळते?

समजा, साठीतल्या एक आई सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत लेकीकडे आल्या आहेत. ऑक्टोबर लागतो, थंडी सुरू होते आणि लेक त्यांना जवळच्या फार्मसीत घेऊन जाते. दोघीही फ्लूची लस टोचून घेतात. लेकीचा दंड दोन दिवस दुखतो आणि थांबतो. आईंचा थांबत नाही. त्याच रात्री कूस बदलताना खांद्यातून कळ जाते. आठवड्यानं वेणी घालायला हात डोक्यापर्यंत पोहोचत नाही. दोन महिन्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबाही काढता येत नाही.

घरातले म्हणतात, "वयामुळे खांदा धरला असेल." आईंनाही तेच वाटतं. पण हे दुखणं लशीच्या सुईमुळे झालेलं असू शकतं. अमेरिकेच्या कायद्यानुसार त्याची भरपाई मिळू शकते आणि ती मागण्यासाठी फार्मसीतल्या माणसाची चूक सिद्ध करावी लागत नाही. आई अमेरिकेच्या नागरिक नसल्या तरीही.

ही भरपाई कुठून येते, कुणाला मिळते, कुणाला मिळत नाही आणि त्यावरून अमेरिकेत वाद का झाला, हे समजून घेऊ.

'सिर्वा' म्हणजे काय?

लशीनंतर दंड दुखणं नेहमीचंच आहे. सुई स्नायूत जाते, लशीला शरीर प्रतिसाद देतं, जागा थोडी सुजते. एक-दोन दिवसांत, फार तर आठवडाभरात हे दुखणं जातं. हात वर जातो, फक्त दाबलं की दुखतं. ही दुखापत नव्हे.

सिर्वा वेगळं आहे. 'लस टोचण्याशी संबंधित खांद्याची दुखापत' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. यात दुखणं स्नायूत न राहता सांध्याच्या भागात उतरतं.

खांद्याची रचना पाहिली की हे कळतं. खांद्याच्या टोकाला जे हाड हाताला लागतं, त्याच्या खालून दंडावर डेल्टॉइड नावाचा गोलसर, जाड स्नायू उतरतो. लस याच स्नायूच्या मधल्या, जाड भागात टोचायची असते. पण या स्नायूच्या वरच्या भागाखाली बर्सा असते. ही पातळ पिशवी हाड आणि स्नायू एकमेकांवर घासू नयेत म्हणून गादीसारखं काम करते. तिच्या आसपास हात फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंडरा असतात. सुई फार वर टोचली किंवा बारीक दंडात गरजेपेक्षा लांब सुई वापरली, तर लस स्नायूऐवजी या पिशवीत किंवा कंडरांच्या जागेत जाऊ शकते.

लशीचं कामच मुळी शरीराची प्रतिकारशक्ती जागी करण्याचं. स्नायूत ते काम नीट होतं, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो. सांध्याजवळच्या बंदिस्त जागेत मात्र त्याच प्रतिसादाची सूज होते आणि ती लवकर उतरत नाही. पिशवीचा दाह, कंडरांचा दाह, खांदा आखडून जाणं म्हणजे फ्रोझन शोल्डर, अशी निदानं मग केसपेपरवर येतात. उपाय म्हणजे वेदनाशामक गोळ्या, स्टेरॉइडचं इंजेक्शन, महिनोन्महिने फिजिओथेरपी आणि काहींना दुर्बिणीतून शस्त्रक्रिया.

दोष लशीतल्या औषधाचा नसतो. तीच लस दोन बोटं खाली टोचली असती, तर काही झालं नसतं. पुढचा सगळा कायदेशीर वाद याच मुद्द्याभोवती फिरतो.

दुखापतीची नोंद कशी झाली?

अशा रुग्णांची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत आधीही तुरळक येत होती. २०१० साली अमेरिकेच्या भरपाई योजनेत काम करणाऱ्या डॉक्टरांनी योजनेकडे आलेल्या १३ दाव्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांचं दुखणं लस घेतल्यापासून २४ तासांच्या आत सुरू झालं होतं. अनेकांनी सुई फार वर टोचल्याचं सांगितलं होतं. सिर्वा हे नाव या अभ्यासातून रूढ झालं.

त्यानंतर अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या नामांकित संस्थेनं लशींच्या दुष्परिणामांचा मोठा आढावा घेतला. लशींवर घेतल्या जाणाऱ्या बहुतेक आक्षेपांबाबत पुरावा अपुरा आहे किंवा आक्षेप खरे नाहीत, असा त्याचा सूर होता. पण इंजेक्शन टोचण्यामुळे खांद्यातल्या पिशवीचा दाह होऊ शकतो, याचा पुरावा खात्रीशीर असल्याचं या आढाव्यानं मान्य केलं.

याच काळात अमेरिकेत प्रौढांचं लसीकरण वाढत होतं. दरवर्षी फ्लूची लस घेण्याची शिफारस सगळ्यांसाठी झाली आणि औषधाच्या दुकानात फार्मसिस्टकडून लस घेण्याची सोय सर्व राज्यांत झाली. लहान बाळांना लस मांडीत देतात, मोठ्यांना दंडात. त्यामुळे खांद्याच्या दुखापती मुख्यतः प्रौढांमध्ये दिसतात.

चूक सिद्ध न करता पैसे का?

याचं उत्तर १९८० च्या दशकात आहे. तेव्हा घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या डीपीटी लशीमुळे मुलांच्या मेंदूला इजा होते, अशी भीती अमेरिकेत पसरली होती. १९८२ मध्ये त्यावर टीव्हीवर कार्यक्रम झाला आणि कंपन्यांवर खटल्यांची रांग लागली. पुढच्या संशोधनात मेंदूच्या कायमच्या इजेचा तो दावा टिकला नाही, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. कंपन्या लस बनवणं सोडू लागल्या, लशीची किंमत अनेक पटींनी वाढली आणि १९८४ च्या अखेरीस डीपीटीचा तुटवडा पडला.

सरकारपुढे दोन प्रश्न होते. लसच मिळाली नाही, तर जुने आजार परत येणार. आणि ज्या मोजक्या मुलांना खरोखर इजा होते, त्यांच्या आईवडिलांनी बलाढ्य कंपनीशी किती वर्षं लढायचं?

यातून १९८६ चा राष्ट्रीय बालक लस इजा कायदा आला आणि त्याखालची भरपाई योजना ऑक्टोबर १९८८ मध्ये सुरू झाली. तिचं तत्त्व साधं आहे. लस घेतल्यानं सगळ्या समाजाचं रक्षण होतं. त्यात एखाद्याला इजा झाली, तर तो भार त्याच्या एकट्यावर पडू नये. चूक कुणाची, हा वाद बाजूला ठेवून त्याला समाजानं उभ्या केलेल्या निधीतून पैसे द्यावेत. बदल्यात कंपनी आणि लस टोचणारी व्यक्ती यांच्यावर थेट दिवाणी दावा लावता येणार नाही. आधी या योजनेकडे यावं लागेल.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात हे तत्त्व ओळखीचं आहे. त्या कायद्याच्या कलम १६४ नुसार अपघातात मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये, समोरच्या चालकाची चूक सिद्ध न करताही मागता येतात. अमेरिकेनं तोच विचार लशींना लावला.

हा निधी लशींवरच्या करातून जमतो. लशीच्या प्रत्येक डोसवर, ती ज्या आजारापासून वाचवते त्या प्रत्येक आजारामागे ७५ सेंट कर असतो. फ्लूच्या लशीवर ७५ सेंट. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या एकत्रित लशीवर सव्वादोन डॉलर. योजना सुरू झाल्यापासून ५ अब्ज डॉलर्सहून अधिक भरपाई दिली गेली आहे. आकडा मोठा वाटतो, पण तो कोट्यवधी डोसांच्या संदर्भात पाहायला हवा. योजना चालवणाऱ्या सरकारी विभागाच्या हिशेबानुसार, वाटल्या गेलेल्या दर १० लाख डोसांमागे साधारण एका व्यक्तीला भरपाई मिळाली आहे.

'तक्त्या'त नाव असण्याचं महत्त्व काय?

या कायद्याचा कणा म्हणजे एक तक्ता. त्यात कोणती लस, त्यामुळे होणारी कोणती इजा आणि ती किती वेळात दिसायला हवी, हे दिलेलं असतं. तुमची इजा तक्त्यात बसली, तर ती लशीमुळेच झाली असं कायदा गृहीत धरतो. मग ती दुसऱ्या कारणानं झाली, हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर येते.

इजा तक्त्यात नसेल, तर सगळा भार अर्जदारावर येतो. लशीमुळे अशी इजा होऊ शकते याची वैद्यकीय उपपत्ती, आपल्या बाबतीत तसंच घडलं याची तर्कसंगत साखळी आणि दोन्हींमधलं सुसंगत कालांतर, या तीन गोष्टी त्याला दाखवाव्या लागतात. २००५ च्या एका निकालानं हे तीन निकष पक्के केले. ते पूर्ण करायचे तर तज्ज्ञ डॉक्टरांची मतं लागतात, वेळ लागतो आणि हरण्याची शक्यताही वाढते.

सिर्वा या तक्त्यात मार्च २०१७ मध्ये आलं. त्यासाठी चार अटी आहेत:

पहिली, लस घेण्याआधी त्या खांद्यात असं दुखणं, दाह किंवा बिघाड नसावा, ज्यातून आजची लक्षणं स्पष्ट होतील.

दुसरी, दुखणं लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेलं असावं.

तिसरी, दुखणं आणि हात फिरवण्यातली अडचण ज्या खांद्यात लस टोचली त्याच खांद्यापुरती असावी.

चौथी, या लक्षणांचा उलगडा करणारं दुसरं कारण नसावं. उदाहरणार्थ, मानेतली नस दबणं किंवा नसांचा अन्य आजार.

याशिवाय योजनेतल्या प्रत्येक दाव्याला लागू होणारी एक मोठी अट आहे. इजेचे परिणाम लस घेतल्यापासून सहा महिन्यांहून अधिक टिकलेले असावेत, किंवा त्यासाठी रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी. पाच महिन्यांत खांदा मोकळा झाला असेल, तर त्या पाच महिन्यांत कितीही त्रास झाला तरी पैसे मिळत नाहीत.

दावा कुठे आणि कसा चालतो?

अर्ज वॉशिंग्टनमधल्या फेडरल दावे न्यायालयात होतो. समोरचा पक्ष लस कंपनी किंवा फार्मसी नसते, तर अमेरिकेचे आरोग्यमंत्री असतात. त्यांच्या वतीनं न्याय विभागाचे वकील उभे राहतात. निर्णय 'स्पेशल मास्टर' म्हणून ओळखले जाणारे न्यायिक अधिकारी देतात. इथे ज्यूरी नसते. खांद्याच्या दाव्यांची संख्या वाढल्यावर, तडजोडीनं लवकर मिटू शकतील अशा प्रकरणांसाठी २०१४ मध्ये वेगळा कक्षही सुरू झाला.

इथली वकिलांची व्यवस्था आपल्याला वेगळी वाटेल. वकील अशिलाच्या भरपाईतून टक्का घेऊ शकत नाही. त्याचं शुल्क न्यायालय ठरवतं आणि ते निधीतून वेगळं दिलं जातं. दावा हरला, तरी तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असेल तर वकिलाला पैसे मिळू शकतात. त्यामुळे पैसे नाहीत म्हणून वकील मिळाला नाही, अशी वेळ सहसा येत नाही.

बहुतेक प्रकरणांत साक्षीपुरावे आणि उलटतपासणीपर्यंत गोष्ट जात नाही. काहींमध्ये सरकारच मान्य करतं की इजा तक्त्यात बसते, आणि मग फक्त रक्कम ठरवायची उरते. काही तडजोडीनं मिटतात. संपूर्ण योजनेतल्या भरपाईंपैकी साधारण ६० टक्के अशा तडजोडीतून येतात. त्यात लशीमुळेच इजा झाली असा निष्कर्ष सरकारनं काढलेला नसतो. म्हणून भरपाईचे आकडे दाखवून 'लशींमुळे एवढ्यांना इजा झाली हे सरकारनंच मान्य केलं' असं कुणी म्हटलं, तर ते बरोबर नाही.

रक्कम किती मिळते?

भरपाईत तीन मुख्य गोष्टी धरल्या जातात: विम्यातून न मिळालेला उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, आणि वेदना व त्रास. तिसऱ्या गोष्टीसाठी कायद्यानं कमाल अडीच लाख डॉलर्सची मर्यादा घातली आहे. ती १९८६ च्या कायद्यातलीच आहे. महागाई कितीतरी वाढली, पण हा आकडा तसाच राहिला.

सिर्वाच्या दाव्यांत वेदना आणि त्रासासाठीची रक्कम बहुतेकदा पन्नास हजार ते दोन लाख डॉलर्सच्या दरम्यान ठरते. त्यासाठी त्रासाची जाणीव, तीव्रता आणि कालावधी पाहतात. शस्त्रक्रिया झाली असेल तर रक्कम वाढते. फिजिओथेरपीनं वर्षभरात खांदा बराच सुधारला असेल, तर ती कमी असते.

दावे कुठे अडतात?

कायदा अर्जदाराच्या बाजूनं झुकलेला असला, तरी कागद त्याच्याविरुद्ध जाऊ शकतात. सिर्वाच्या प्रकरणांत तेच ते तीन-चार मुद्दे पुन्हा पुन्हा येतात.

पहिला मुद्दा कोणत्या हाताचा. फार्मसीच्या नोंदीत 'डावा दंड' लिहिलेलं असतं आणि दुखतो उजवा. घाईत, किंवा संगणकातला आधीच भरलेला पर्याय तसाच राहिल्यानं, असं होतं.

दुसरा मुद्दा दुखणं कधी सुरू झालं याचा. लोक 'आज जाईल, उद्या जाईल' म्हणत थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरकडे जातात. तिथे विचारलं, "कधीपासून दुखतंय?" तर सहज म्हणतात, "झाले की दोनेक महिने." डॉक्टर तेवढंच लिहितात. ४८ तासांच्या अटीसमोर ही अंदाजे नोंद अडचणीची ठरते. त्यातही मधल्या काळात सर्दी-तापासाठी डॉक्टरकडे गेला असाल आणि खांद्याचा उल्लेखच केला नसेल, तर सरकारी वकील तोच कागद पुढे करतात. नोंद नसली किंवा चुकीची असली, तरी इतर पुराव्यांवरून दुखणं वेळेत सुरू झालं असं मानण्याची मुभा कायद्यानं स्पेशल मास्टरना दिली आहे. घरच्यांची शपथपत्रं, त्या दिवसांतले मेसेज तिथे कामी येतात. पण पहिल्याच भेटीत 'फ्लूची लस घेतली त्या रात्रीपासून' एवढं कागदावर आलं असेल, तर अर्धी लढाई तिथेच संपते.

तिसरा मुद्दा उपचारांतल्या खंडाचा. फिजिओथेरपी दोन महिने करून सोडली आणि पुढे वर्षभर काहीच नोंद नाही, तर 'मग बरं वाटत असणार' असा अर्थ काढला जातो.

चौथा मुदतीचा. दुखण्याचं पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा लागतो. निदान झाल्यापासून नव्हे, आणि 'हे लशीमुळे झालं' हे कळल्यापासूनही नव्हे. त्यामुळे चौथ्या वर्षी योजनेबद्दल ऐकणाऱ्याच्या हाती सहसा काही उरत नाही.

सुरुवातीच्या उदाहरणातल्या आईंना हे मुद्दे जास्तच लागू होतात. कायद्यासाठी लस अमेरिकेत घेतली असणं महत्त्वाचं आहे, नागरिकत्व नाही. त्या भारतात परतल्या, पुण्यात किंवा नाशिकमध्ये उपचार घेतले, तरी अर्ज करता येतो. पण मग इथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सोनोग्राफी किंवा एमआरआयचे रिपोर्ट, फिजिओथेरपीच्या तारखा हे सगळं पुरावा म्हणून लागतं. आपल्याकडे केसपेपर रद्दीत जातात आणि फिजिओथेरपिस्ट पैसे घेऊन पावतीही देत नाही. दावा नेमका तिथे अडतो.

सिर्वा यादीतून काढण्याचा प्रयत्न का झाला?

तक्त्यात नाव आल्यावर खांद्याचे दावे झपाट्यानं वाढले आणि योजनेकडे येणाऱ्या अर्जांत त्यांचा वाटा निम्म्याच्या आसपास गेला. मुलांच्या गंभीर इजांसाठी उभारलेल्या योजनेत प्रौढांच्या खांद्यांची प्रकरणं सर्वाधिक झाली. कायद्यानं स्पेशल मास्टरांची संख्या आठवर मर्यादित ठेवली आहे, त्यामुळे सगळ्यांचीच प्रतीक्षा लांबली.

जुलै २०२० मध्ये ट्रम्प सरकारच्या आरोग्य विभागानं सिर्वा तक्त्यातून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांचा युक्तिवाद असा: ही इजा लशीतल्या घटकांमुळे होत नाही, सुई चुकीच्या जागी टोचल्यानं होते. कायदा लशीच्या इजांसाठी आहे, टोचणाऱ्याच्या निष्काळजीपणासाठी नाही. निधीतून पैसे मिळत राहिले, तर नीट टोचायला शिकण्याचं कारणच राहणार नाही.

विरोधकांचं म्हणणं वेगळं होतं. सुईशिवाय ही लस शरीरात जात नाही, मग टोचणं हा लसीकरणाचाच भाग नव्हे का? शिवाय सिर्वा या योजनेबाहेर गेलं, तर लोक नर्स आणि फार्मसिस्टवर थेट खटले भरतील. कोविडच्या लशी कोट्यवधी लोकांना टोचायच्या वेळी लस टोचणाऱ्यांच्या मनात अशी भीती घालणं परवडणारं नव्हतं.

जानेवारी २०२१ मध्ये, सरकार बदलण्याच्या तोंडावर, वगळण्याचा अंतिम नियम आला. बायडेन सरकारनं आधी त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली आणि एप्रिल २०२१ मध्ये तो रद्द केला. सिर्वा तक्त्यात कायम राहिलं.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. सुई चुकीची टोचली जाते, हे खरंच. पण चूक शोधत बसायचं नाही, हाच १९८६ च्या कायद्याचा पाया होता. फार्मसीत खुर्चीवर बसलेल्या माणसाला सुई दोन बोटं वर गेली की नाही हे कसं कळणार आणि ते तो पुढे कसं सिद्ध करणार? चुकीचा पुरावा मागितला, तर बहुतेक खरे दावेही टिकणार नाहीत.

कोणत्या लशी या योजनेत येत नाहीत?

लहान मुलांना किंवा गरोदर स्त्रियांना नियमित देण्याची शिफारस असलेल्या आणि कर लागू झालेल्या लशीच यात येतात. फ्लू, धनुर्वात, कावीळ अ आणि ब, एचपीव्ही या लशी आहेत. त्या प्रौढांनी घेतल्या तरी संरक्षण मिळतं. पण मोठ्या वयात घेतल्या जाणाऱ्या नागिणीच्या लशीमुळे खांदा दुखावला, तर या योजनेत दावा करता येत नाही.

कोविडच्या लशींसाठी महासाथीत वेगळी व्यवस्था लागू झाली आणि ती बरीच कडक आहे. अर्ज लस घेतल्यापासून एका वर्षात करावा लागतो, वेदना आणि त्रासासाठी काही मिळत नाही, वकिलाचं शुल्क मिळत नाही आणि निर्णय न्यायालय नव्हे, तर सरकारी विभागच घेतो. तिथे हजारो अर्ज आले आणि पैसे मात्र अगदी मोजक्यांना मिळाले. म्हणजे एकाच दुकानात, एकाच दिवशी, एका दंडात फ्लूची आणि दुसऱ्या दंडात कोविडची लस घेतली, तर कोणता खांदा धरला यावर सगळं ठरतं.

ब्रिटनमध्येही १९७९ पासून भरपाईचा कायदा आहे. पण तिथे एकरकमी १ लाख २० हजार पौंड मिळण्यासाठी किमान ६० टक्के अपंगत्व लागतं. आखडलेला खांदा त्या पातळीपर्यंत सहसा पोहोचत नाही.

भारतात काय?

अमेरिकेसारखा दोष न शोधता भरपाई देणारा लशींसाठीचा कायदा भारतात झालेला नाही. औषधांच्या चाचणीत सहभागी झालेल्यांना इजा झाली, तर २०१९ च्या नियमांनुसार भरपाईची तरतूद आहे. नेहमीच्या लसीकरणाला ती लागू होत नाही. कोविड लशीनंतर झालेल्या मृत्यूंच्या प्रकरणात केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं की, सरकारला थेट जबाबदार धरता येणार नाही आणि पीडितांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी.

लसीकरणानंतरच्या त्रासाची नोंद घेणारी यंत्रणा मात्र आहे. प्रकरण जिल्हा पातळीवरून वर जातं आणि तज्ज्ञ समिती कारण ठरवते. त्यातल्या वर्गवारीत 'लस देताना झालेल्या चुकीमुळे' असा वेगळा प्रकारही आहे. चुकीच्या जागी टोचलेल्या सुईमुळे झालेली खांद्याची दुखापत त्यातच बसते. पण ही नोंद पुढच्यांना जपण्यासाठी असते. तिच्यातून पैसे मिळत नाहीत.

खासगी दवाखान्यात पैसे देऊन लस घेतली असेल, तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण तिथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी केंद्रात लस घेतली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार ती ग्राहक कायद्यातली 'सेवा' ठरत नाही. आणि भारतात बहुतेक लसीकरण सरकारी केंद्रांतच होतं.

लस घेताना काय पाहावं?

सिर्वा दुर्मीळ आहे आणि ते टाळताही येतं. म्हणून भीतीनं लस टाळण्याचं कारण नाही. काही साध्या गोष्टी पुरतात.

गळ्याकडून कपडा ओढून खांदा उघडा करू नका. त्यामुळे दंडाचा वरचाच भाग दिसतो आणि सुई वर जाते. बाही पूर्ण वर जात नसेल तर हात बाहीतून काढा. तुम्ही बसा आणि टोचणाऱ्यालाही बसायला सांगा, कारण उभं राहून वरून टोचताना जागा चुकते. सुईची जागा खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली दोन-तीन बोटं अंतर सोडून असते. तुमचा दंड बारीक असेल, तर तसं सांगा.

लस घेतल्यावर कोणत्या हाताला, कोणती लस, कोणत्या तारखेला, हे फोनमध्ये लिहून ठेवा. दंड आठवड्यानंतरही दुखत असेल किंवा हात वर जात नसेल, तर थांबू नका. डॉक्टरकडे जा आणि दुखणं लस घेतल्यावर किती तासांनी सुरू झालं, ते सांगून लिहून घ्या. वेळेत व्यायाम आणि उपचार सुरू झाले, तर खांदा आखडण्याचा धोका कमी होतो.

आणि अमेरिकेतल्या लेकीकडे किंवा मुलाकडे गेलेल्या आईवडिलांनी फार्मसीतून मिळालेला लशीचा कागद परतीच्या बॅगेत जरूर ठेवावा. तो लागू नये हेच बरं. पण लागला, तर तीन वर्षांच्या आत तोच सगळ्यात आधी विचारला जातो.